साक्षीच्या गाडीचं पासिंग

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ११.

सांगलीहून गाडी आणली. लाल. बटण दाबलं की गाडीचा माणूस होतो, पुन्हा दाबलं की माणसाची गाडी. नात साक्षी तेवीस तारखेला पाच वर्षांची होते. रविवार आहे. कार्यक्रम साताऱ्यात, तिच्या घरी. आमची लेक अंकिता फोनवर म्हणाली होती, ‘बाबा, तिला तो उभा राहणारा रोबोच पाहिजे.’

उद्दिष्ट लिहून ठेवतो. दिवाळीत साक्षी तीन दिवस इथं तासगावात होती. तिन्ही दिवस आईच्या ओढणीमागं. मी हाक मारली की ओढणी तोंडावर. साताऱ्याच्या आजोबांचा, म्हणजे आमचे व्याही नाथाजीराव यांचा व्हिडिओ कॉल आला की मात्र फोनमध्ये शिरायची बाकी. मला त्याचं काही वाटलं नाही. फक्त या वाढदिवसाला तिनं आपण होऊन माझ्याजवळ यावं आणि दहा मिनिटं बसावं. दहा पुरेत.

दुकानदार चालवून दाखवतो म्हणाला. नको म्हटलं. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला तो काय दाखवणार! तपासणी घरीच होईल, पद्धतशीर. सौ. म्हणाली, ‘आवं, तुमी टायरला हवा भरत व्हता.’ टायर सेक्शन म्हणजे गाडीचा पायाच. पण तिला समजावत बसलो नाही.

संकल्प: बॉक्स एकदाच उघडायचा. एकदाच तपासायची. होती तशी बंद.

त्याच दिवशी, दुपारी ४.

एकदा तपासली. बाराव्या वेळेला खात्री पटली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

आज सविस्तर रिपोर्ट तयार केला. फिनिशिंग चांगलं. दरवाजे पसरतात, त्यांचे हात होतात. बॉनेट उचलतं, त्यातून डोकं येतं. डोळ्यांत निळे लाईट. इंग्रजीत एक वाक्य बोलतो. काय ते समजत नाही, पण आवाज खणखणीत.

दोष: हँडब्रेक नाही. स्टेपनी नाही. वायपर नुसते रंगवलेले. आणि मुख्य म्हणजे, गाडीचा माणूस होताना पुढची सीट उलटी होते. त्या वेळी ड्रायव्हरनं काय करायचं? याचा विचार कंपनीत एकाही माणसानं केलेला दिसत नाही. सौ.ला दाखवलं. म्हणाली, ‘पर आत बसतंय कोन?’

हा प्रश्न नाही. डिझाईनमध्ये तत्त्व असतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर.

चार्जिंग संपलं. आजअखेर चाचण्या एकसष्ट. खेळण्याच्या बॉक्सवर ‘वय ५ पासून पुढे’ असं छापलंय. पुढे कुठपर्यंत ते छापलेलं नाही, त्यामुळे नियमाचा भंग नाही.

चाचणी क्रमांक चव्वेचाळीसच्या वेळी सौ. अचानक आत आली. मी पालथा झोपून गाडीच्या नजरेनं जमिनीची पातळी बघत होतो. तोंडानं आवाज येत होता, तो इंजिनाशी तुलना करण्यासाठी. ती दळण घेऊन गेली. जाताना दार मात्र बाहेरून ओढून घेतलं, लोकांना दिसू नये असं.

उद्यापासून हात लावायचा नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी ९.

काल हात लावला नाही. (संध्याकाळचं सोडून.)

आज रोड टेस्ट. घरात फरशीवर चालणारी गाडी साताऱ्यात रोडवर कशी चालेल, हे घरात कळत नाही. गल्लीच्या तोंडाला नेली. चढ घेते. खड्ड्यात अडखळते, पण ते आमच्या एस.टी.चंही होतं. मधोमध आल्यावर बटण दाबलं. उभी राहिली. दोन्ही हात वर. नेमका तेव्हाच समोरून द्राक्षबागेच्या फवारणीचा ट्रॅक्टर आला, मागं एवढा मोठा ब्लोअर. बटण दाबतोय, गाडी होईना. ट्रॅक्टरवाला थांबला. मागं चार मोटारसायकली, दुधाचा टेम्पो. ट्रॅक्टरवाला वरून म्हणाला, ‘काका, तुमचा मानूस जरा कडंला घ्या की.’ टेम्पोवाल्यानं विचारलं, पुढं पोलीस हायत का?

ब्रेकची कमतरता सोडली तर रोड टेस्ट समाधानकारक. वाहतूक अडवण्याची क्षमता उत्तम.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी ७.

पहाटे एक गोष्ट ध्यानात आली आणि अंथरुणात उठून बसलो. पूजा!

नवी गाडी. पूजा न करता लेकराच्या हातात द्यायची? वर्कशॉपात बत्तीस दसरे प्रत्येक गाडीला हार घातलाय मी. तपासणीत एवढी मोठी चूक राहिली असती. बरं झालं, वेळेवर सुचलं.

सौ.ला म्हटलं, आरतीचं ताट कर. म्हणाली, ‘खेळन्याची पूजा?’ म्हटलं, चार चाकं आहेत की नाहीत? ती मोजून म्हणाली, हायत. मग झालं.

सकाळी ९.३०.

पूजा यथासांग झाली. नंबर नव्हता म्हणून आधी सांगलीची एमएच दहाची पट्टी चिकटवली, म्हणजे कुठली गाडी ते साताऱ्यात लगेच कळेल. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. हळद चारी बाजूंनी. झेंडूचा हार मोठा झाला, एकच फूल ठेवलं. चाकाखाली चार लिंबं. इथं अडचण आली. लिंबं चाकांपेक्षा उंच. गाडी वर चढून बसली, चाकं हवेत. तेव्हा लिंबं अर्धी कापून ठेवली आणि गाडी वरून हातानं दाबली. रस बराच निघाला. नारळ समोर फोडला, पाणी जरा अंगावर उडालं. प्रसन्न वाटलं.

आता बटण दाबून देवाच्या नावानं एकदा उभी करतो.

सकाळी ९.४०.

अर्धी उभी राहिली. एक हात वर गेला. डोकं बाहेर आलं नाही. आतून खरखर आली आणि ते इंग्रजी वाक्य आलं, पण बसक्या आवाजात, लांबलेलं, गुळण्या करताना कुणी बोलावं तसं. मग सगळं बंद.

आता ती गाडीही नाही आणि माणूसही नाही. एक हात वर करून देव्हाऱ्यासमोर बसली आहे. सौ. आली, बघितलं, म्हणाली, ‘काय मागतंय त्ये?’

रिपोर्टात नोंद: क्वालिटी निकृष्ट. भारतात माल विकायचा आणि पूजेचा विचार करायचा नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर.

घाबरण्यासारखं काही नाही. सहा दिवस आहेत. पूर्ण खोलली. बारीक स्क्रू अकरा. आतल्या गिअरच्या दातऱ्यांत कुंकू बसलं होतं. खोबरेल तेल सोडलं. हळद आणि तेल मिळून पेस्ट झाली. सौ. म्हणाली, आता चेहऱ्याला लावा.

जोडली. तीन स्क्रू उरले. कंपन्या काही स्क्रू जास्तीचे घालतात.

अंकिताचा फोन आला. साक्षी जवळ होती. अंकिता तिला म्हणाली, बोल तासगावच्या आजोबांशी. बराच वेळ श्वास ऐकू आला. मी म्हटलं, तुझी वस्तू आणलीय बरं का. मग तिनं बारीक आवाजात विचारलं, ‘उभा राहतो?’

म्हटलं, राहतो की. एकदम फर्स्टक्लास.

दिवाळीत तीन दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आज एकदम दोन!

बुधवार, १९ नोव्हेंबर.

सौ.च्या आग्रहाखातर (माझी इच्छा नसताना) गाडी बिरदेवकडे नेली. गल्लीत मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे त्याचं. दोन पोरांचा बाप, पण गांभीर्य नाही. भिंग लावून आत बघितलं. वास घेतला. मग मान वर करून म्हणाला, ‘काका, ह्यात लिंबू कुनी पिळलं?’

दुकानात पाच-सहा माणसं होती.

म्हणाला, दोन दिवस ठेवून जावा, साफ करून बघतो, व्हईल बहुतेक. मी म्हटलं, मोबाईल वेगळा आणि गाडी वेगळी, तुला चाकाचा अनुभव नाही. गाडी घेऊन आलो. मागनं कोणीतरी म्हणालं, मीठ घातलं का विचारा.

सौ. जेवताना एवढंच म्हणाली, ‘दिली असती तर झाली असती.’

गुरुवार, २० नोव्हेंबर. दुपारी.

यश!

बटण दाबलं, आणि पूर्ण उभी राहिली. फक्त डोकं पाठीकडं बसलं आहे आणि चालते ती उलटी. पुढं दाबलं की मागं, मागं दाबलं की जागेवर गोल. डोळ्यांचा एक लाईट लागतो. बटणानं परत गाडी होत नाही, हातानं दुमडावी लागते, पण मुळात पोरीला उभा राहणारा पाहिजे होता. गाडी तिनं मागितलीच नव्हती.

शांतपणे विचार केला तर ही सुधारणाच आहे. तोंड मागं असल्यामुळे मागची वाहतूक दिसते. आरशाची गरज नाही.

सौ.ला म्हटलं, बघ. तिनं बघितलं. म्हणाली, ‘सांगलीला जाऊन दुसरी घिऊन या गपचिप.’ म्हटलं, तपासलेली वस्तू टाकून बिनतपासलेली द्यायची? हे मला पटत नाही. आणि दुकानदाराला विचारलं होतं फोन करून. संपल्यात म्हणाला. सौ.ला हे सांगितलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर.

पॅकिंग. मूळ बॉक्स उघडताना थोडा फाटला होता. शेजारच्या बेदाणेवाल्याकडून टेप आणली, त्यावर आडवं छापलंय, ‘बेदाणा – कोरड्या जागी ठेवावा’. तीन वेढे दिले. मजबूत झालं. आत माझ्या सहीचा तपासणी रिपोर्ट घातला, सात पानं. साक्षी मोठी झाल्यावर वाचेल.

उद्याचा आराखडा. पोचल्याबरोबर बॉक्स द्यायचा नाही. आधी कोपऱ्यात निवांत बसायचं. ती येईल. मग बॉक्स पुढं करायचा. उघडायला तिला मदत लागेल. म्हणजे बसावं लागेल. दहा मिनिटं तर टेपलाच जातील.

रविवार, २३ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.४०, सातारा स्टँड.

तासगाव गाडी लागायची आहे. सौ. शेजारी पिशवी धरून बसली आहे. तेवढ्यात लिहून घेतो.

एकंदर दिवस चांगला गेला.

हॉलमध्ये फुगे, पंचवीस-तीस माणसं. कोपऱ्यात खाली सतरंजी होती, तिथं बसलो. आराखड्याप्रमाणे साक्षी आली नाही. अंकितानंच बॉक्स उचलून सगळ्यांसमोर उघडला. कोणीतरी म्हणालं, ‘बेदाणा आणलाय व्हय!’ मग साक्षीनं बटण दाबलं. उभा राहिला. एक हात वर. पाठीकडचं डोकं हळूहळू माणसांवरून फिरवलं, ते वाक्य बोलला, आणि उलटा चालत केकच्या टेबलाखाली गेला. जाताना फरशीवर कुंकू सांडत गेला.

सगळे टेबलाखाली बघायला लागले.

तेव्हा नाथाजीराव उठले. मिलिटरीत सुभेदार होते, आवाज तसाच. वाकून त्याला बाहेर काढला, नंबरपट्टी वाचली आणि म्हणाले, ‘दहा पासिंग व्हय! तरीच हात वर करून शरण आलाय.’ हॉल हसला. मी काही बोलणार, तेवढ्यात ते माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, ‘हिंदुराव, बेअरिंगला प्रॉब्लेम दिसतोय. खोलू या का?’

माणूस असा निघेल असं वाटलं नव्हतं. खिशातून चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. मिलिटरीत गाड्याच बघत होते म्हणे, ‘हमारे टाइम में असला माल पासच होत नव्हता.’ ड्रायव्हरच्या सीटचा मुद्दा सांगितला. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, माझ्याबी हेच डोक्यात आलतं. रिपोर्टची सातही पानं वाचली, दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली. केक कापला तेव्हा आम्ही डोक्याच्या पिनेपाशी होतो, त्यामुळे टाळ्या बसूनच वाजवल्या. प्लेटा तिथंच आणून दिल्या कोणीतरी.

शेवटी स्क्रू चौदा भरले. माझ्या खिशातले उरलेले तीन धरूनही अकराच होते. तीन कुठून आले यावर दोघांचंही एकमत होईना. वस्तू सध्या त्यांच्याकडंच ताटात आहे, सत्तावीस भाग. बाकीची तपासणी पुढच्या महिन्यात, नाथाजीराव तासगावला येतील तेव्हा.

मूळ उद्दिष्टाबाबत: साक्षी आली नाही. एवढ्या पाहुण्यांत लेकरू बुजणारच. निघताना दारात बघितलं, ती आईच्या खांद्यावर झोपली होती. काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी हेलिकॉप्टर न्यायचं. हेलिकॉप्टरची तपासणी मात्र तीन महिने आधीपासून.

हे आत्ता सौ.ला वाचून दाखवलं. सहसा दाखवत नाही. हेलिकॉप्टर ऐकून तिनं पिशवी खाली ठेवली.

म्हणाली, ‘आली न्हाई कशी? केक झाल्यावर प्लेट घिऊन आली की तुमच्याकडं. वेफर देत व्हती तुमाला. तुमी म्हनला, थांब, स्क्रू सांडतील. मग तुमच्या पाठीला पाठ लावून बसली. वेफर खाल्लं, फुगा फुगीवला, तितंच झोपली. लय येळ. अंकितानं उचलली मग. मी म्हनलं, राहू दे गं, पर तुमी दोगं काय वर बघीना.’

पाठीला काहीतरी होतं खरं. ऊबदार. टेकायला बरं वाटत होतं.

मी लोड समजलो होतो.

सौ.ला विचारलं, त्यांच्याकडं सतरंजीवर लोड होता ना? म्हणाली, ‘लोड कुटला? नुसती सतरंजी.’

किती वेळ बसली होती, ते विचारलं. म्हणाली, अर्धा तास तर व्हईलच.