मागच्या सीटवरचे साहेब

राणीसावरगाव,
ता. ४ मे १९८७

मित्रवर्य व्यंकटराव यास,

राणीसावरगावहून दत्तरावाचा रामराम पोचावा. इकडं आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे जनावरं ठीक आहेत, माणसांचं पुढं सांगतो. तुझ्या आईच्या गुडघ्यांचं काय झालं? मागं मी जे तेल लिहून पाठवलं होतं ते लावू नका म्हणावं, ते बैलांचं होतं, चिठ्ठी लिहिताना गफलत झाली. (फरक पडला असेल तर लावू द्या.) वहिनींना नमस्कार. पाकिटावर ‘श्रीमान व्यंकटराव देशमुख, पशुवैद्यकीय अधिकारी’ असं लिहिलंय आणि आत अरेतुरे करतोय, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पाकीट पोस्टमन वाचतो.

तू विचारलंस, मी विलायती गाडी घेतली हे खरं का. खरं आहे. आपल्या वर्गात मेंढरांमागून कॉलेजात आलेला मी एकटाच, आणि विलायती गाडी घेणाराही मी एकटाच, तेव्हा या गोष्टीला हसायचा पहिला हक्क तुझा. नामांतराच्या गडबडीत एस.टी. बंद पडली होती तेव्हा परभणीहून आपण दोघं पायी तुझ्या घरी गेलो होतो आणि तुझ्या आईनं आपल्याला शेजारी शेजारी बसवून वाढलं होतं. म्हणून तुला सगळं लिहितो. दुसऱ्या कुणाला लिहिलं असतं तर गाडीचा फोटो पाठवून गप्प बसलो असतो.

माझी बदली माझ्याच गावी झाली तेव्हा तू पेढे मागितले होतेस. ते पेढे चुकीचे होते. दुसऱ्या कुठल्याही गावात मी डॉक्टरसाहेब असतो, इथं मी बिरू धनगराचा दत्त्या आहे. इथले आबासाहेब, मोठे जमीनदार आणि सोसायटीचे चेअरमन, त्यांचा बैल मागच्या साली फुगला. मी धावत गेलो. माझा बा तिथूनच मेंढरं घेऊन चालला होता, तर आबासाहेबांनी त्यालाही हाक मारून बैलाचे पाय धरायला लावलं. म्हणजे बापानं पाय धरायचे आणि लेकानं पोटात सुई घालायची. बैल वाचला. मग चहा आला. माझा कंपाउंडर सिताराम त्यांच्या लांबच्या भावकीतला, त्याला खुर्ची मिळाली. मला बाजेची कड मिळाली, आणि बा तिथंच दावणीजवळ टेकला. आबासाहेब सगळ्यांच्या देखत कौतुकानं म्हणाले, “बापलेक दोघंबी कामाला चांगले हायती.” बा हसला. त्याला ते खरंच कौतुक वाटलं. मी समोर उभी असलेली आबासाहेबांची जीप बघत राहिलो, आणि चहा संपायच्या आत ठरवून टाकलं की आपण गाडी घ्यायची आणि ती जीपपेक्षा मोठी असली पाहिजे.

आता माझी ऐपत तुला माहीत आहे. तिच्यात एक तर चांगल्यातली चांगली मोटारसायकल बसत होती, नाहीतर वाईटातली वाईट मोठी गाडी. मी मोटारसायकलीचा विचारही केला नाही. परभणीतल्या एका दलालानं आधी एका निवृत्त इंजिनिअरची अ‍ॅम्बॅसिडर दाखवली. स्वच्छ गाडी. मालक इतका प्रामाणिक की गाडीला काय काय झालं होतं ते त्यानं स्वतःहून सांगितलं, आणि किंमतही माझ्या आवाक्यात होती. केवळाबाईला (तुझी वहिनी बरोबर होती) ती फार आवडली. पण मी विचार केला, असली गाडी तर भाड्यानंही मिळते. लोक म्हणतील, दत्त्यानं दिवसभरासाठी आणली. मग आम्ही नांदेडला एक लांबलचक गाडी बघितली, ती निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराची होती. दारावरचं चिन्ह रंगानं झाकलं होतं. मी नखानं रंग खरवडला तर खाली वेगळ्याच पक्षाचं चिन्ह निघालं. आणखी खरवडायची माझी हिंमत झाली नाही. दलाल म्हणाला, तुम्हाला खानदानी गाडी पाहिजे असेल तर हैदराबादला जा, तिथं जुन्या नवाबांच्या गाड्या वाड्यांच्या मागं उभ्या आहेत आणि त्यांच्या नातवांना त्या कशा नेऊन टाकाव्यात हे कळत नाही.

तर मी हैदराबादला गेलो. व्यंकटराव, मी आजवर किती बैल तपासले असतील. लोकांना बैल घेऊन देतो तेव्हा दात बघतो, खूर बघतो, शेपूट उचलून बघतो, चालवून बघतो, पाणी पाजून बघतो. या गाडीचं मी बोनेटही उघडलं नाही. झालं असं की त्या हवेलीत एक वयस्कर गृहस्थ बाहेर आले. अंगात शेरवानी, कोपरावर रफू. दलालानं सांगितलं, हे डॉक्टर आहेत, परभणीकडचे. कशाचे डॉक्टर, कुणाचे कोण, त्यांनी काहीसुद्धा विचारलं नाही. स्वतःच्या हातानं खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, “तशरीफ रखिए, डॉक्टरसाहब.” मी बसेपर्यंत ते उभे राहिले. चहा आला तो मला आधी. गाडी मागं चिंचेखाली उभी होती, हस्तिदंती रंगाची, अमेरिकन, आपल्या हॉस्टेलच्या व्हरांड्याएवढी लांब. आत लाकडी नक्षी आणि मागच्या खिडक्यांना जांभळे मखमली पडदे. (कंपनीचं नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्यांचा यात काही दोष नाही.) तिच्या पोटात काय आहे हे त्या गृहस्थांनाही माहीत नव्हतं आणि ते तसं म्हणालेही. मी म्हणालो, पसंत आहे. परतीच्या वाटेवर ती बिदरच्या अलीकडं पहिल्यांदा बंद पडली तेव्हा रस्त्याच्या कडेला बसून मला कळलं की मी गाडी घेतलीच नव्हती, मी ती खुर्ची विकत घेतली होती. आणि खुर्ची तर हैदराबादलाच राहिली.

गावात शिरलो तो दिवस बाजाराचा. मी वेळ मुद्दाम तशी साधली होती. स्टँडवर गर्दी जमली, पोरं पळत आली, पानाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. सोसायटीचा सेक्रेटरी चंद्रभान टोपी सारखी करत गाडीकडं आला. मी काच खाली करून हसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मागचं दार अदबीनं उघडलं, वाकून रिकाम्या सीटला नमस्कार केला आणि मग मान वर करून मला विचारलं, “साहेब कुठं उतरले?” मी म्हणालो, साहेब कुणी नाहीत, गाडी माझी आहे. तो खूप हसला. त्याला वाटलं मी गंमत करायलोय. पडद्यांमुळं घोटाळा झाला असं समजून घरी आल्याबरोबर मी पडदे काढून टाकले. मग लोकांना मागची सीट रिकामी दिसायला लागली आणि ते विचारायला लागले, साहेबांना आणायला चाललास का?

बा ला मी मोठ्या हौसेनं मागं बसवायला गेलो. त्यानं सगळी गाडी हात लावून बघितली आणि म्हणाला, “लय मोठी हाय रं. हितं दहा-बारा मेंढरं आरामशीर बसतील.” पण मागं काही बसला नाही. तिथून तुझ्याशी बोलता येत न्हाई म्हणाला आणि घोंगडी अंथरून पुढं बसला. गंगाखेडला पेट्रोल भरायला थांबलो तर पंपावरचा माणूस सहज बोलावं तसं म्हणाला, क्लीनर लय म्हातारा ठेवलाय. बा ला ऐकू कमी येतं, ही देवाची कृपा. केवळाबाई मात्र मागं बसली, कारण पुढं तिचे पाय पोळतात. (इंजिनाची उष्णता आत येते. ती का येते हे कुणालाच सांगता आलं नाही.) परभणीच्या बाजारात एका कापडदुकानदारानं तिला बाईसाहेब म्हणून विचारलं की ड्रायव्हर कुठला ठेवला. ती म्हणाली, घरचाच आहे. आता मला सांग, यात खोटं काय होतं म्हणून मी भांडणार?

अशात महिन्यापूर्वी आबासाहेब स्वतः चालत दवाखान्यात आले. म्हणाले, “दत्तराव, आमच्या माणिकचं लग्न हाय. तुमची गाडी पाहिजे.” व्यंकटराव, मला दत्तराव म्हणाले. तुमची म्हणाले. सिताराम खुर्चीवरून उठला, तो त्यांच्यासाठी उठला असेल, पण बघत माझ्याकडं होता. मी घरी येऊन सफारीला इस्त्री करायला घेतली. केवळाबाई म्हणाली, “त्येंनी गाडी मागितलीया. तुमाला न्हाई.” मी तिच्यावर इतका चिडलो की इस्त्री तशीच राहिली आणि सफारीची बाही जळाली. जळाली ती बाहीची आतली बाजू होती, हात अंगाला धरून ठेवला तर दिसत नव्हती.

नवरीचं गाव सेलूकडं, देवगाव फाट्याच्या पुढं. मागं नवरदेव आणि करवल्या, पुढं माझ्या शेजारी आबासाहेब, आणि बोनेटवर झेंडूची जाळी. ही गाडी माझ्याकडं आल्यापासून कधी सलग गंगाखेडपर्यंत गेली नव्हती. त्या दिवशी एकदाही बंद पडली नाही. परभणी गेली, सेलू गेलं, फाट्यावर बँडवाले वाट बघत होते, त्यांच्यामागं ती लोण्यासारखी चालली. बंद पडली असती तर फार बरं झालं असतं.

मांडवापाशी आबासाहेब उतरले, व्याह्यांची गळाभेट झाली. मी सफारी सारखी केली आणि हात अंगाला धरून त्यांच्या मागं गेलो. व्याही गाडीकडं बघून म्हणाले, गाडी मोठी खानदानी आहे, कुणाची? आबासाहेब म्हणाले, “आपलीच की.” मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्यांनी मला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा गोंधळ झालेला मला दिसला, अगदी जरासा, आणि मला वाटलं आता ते म्हणतील, हे आमचे डॉक्टर. त्यांनी मांडवातल्या एका माणसाला बोलावलं आणि माझ्याकडं बोट केलं. म्हणाले, “ड्रायव्हरला आधी वाढा. सांजच्याला परत निघायचंय.”

तू विचारशील, मी काय केलं. मी जेवलो. भूक लागली होती. तो माणूस स्वभावानं चांगला होता, मला बाभळीखाली घेऊन गेला, म्हणाला हितं सावली बरी हाय. तिथं जीपवाले, ट्रॅक्टरवाले, बँडच्या टेम्पोचा एकजण, अशी पंगत बसली होती. माझी गाडी सगळ्यांत मोठी म्हणून त्यांनी सरकून मला पहिलं पान दिलं. बुंदी मला आधी वाढली. व्यंकटराव, या गाडीनं मला आजवर मिळवून दिलेला मान तेवढा एकच. जेवण झाल्यावर आहेर वाटणारा आला आणि सगळ्यांबरोबर मलाही टॉवेल-टोपी देऊन गेला. मी घेतली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण ऐकून ते ट्रॅक्टरवालेही हसले असते. (टोपी बा घालतो. त्याला बरोबर बसली.)

परत येताना आबासाहेब माझ्या शेजारी घोरत आले. वाड्यापाशी उतरताना मागं वळून म्हणाले, “दत्त्या, गाडी धुऊन ठेव. परवा देवाला जायचंय.” मी बरं म्हणालो. दुसऱ्या दिवशी गाडीची बॅटरी काढून दवाखान्याच्या कपाटात औषधांशेजारी ठेवली आणि वाड्यावर निरोप दिला की गाडी कायमची बिघडली. सगळ्या गावानं लगेच विश्वास ठेवला. तेव्हापासून ती आमच्या मेंढरांच्या वाडग्याशेजारी उभी आहे. मागच्या सीटवर बा नवी कोकरं ठेवतो, उन्हाचा त्रास होत नाही म्हणतो. येणारे-जाणारे काचेतून आत डोकावून कोकरांचं कौतुक करतात. साहेब कुठं आहेत, हे आता कुणी विचारत नाही.

असो. तब्येतीला जप. मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर घरच्या पत्त्यावर पाठव, दवाखान्यात सिताराम वाचतो.

तुझा,
दत्तराव

ता. क. : हे सगळं लिहिलं ते एका कामासाठी, ते लिहायला आत धीर झाला नाही. तू रजा काढून दोन दिवस ये. बॅटरी परत लावतो, कोकरं काढतो, सीट धुतो. गंगाखेडपासून गावापर्यंत गाडी तू चालवायची आणि मी मागं बसायचं. बाकी काही करायचं नाही. स्टँडवर जरा सावकाश घे, आणि आबासाहेबांच्या वाड्यासमोर उभी करून खाली उतर आणि माझं दार उघड. तू देशमुख आहेस हे तुझ्या तोंडाकडं बघितल्यावर कुणालाही कळतं. एवढं एकदा झालं की मी गाडी भंगारात घालतो, तुझी शपथ.

ता. क. दुसरा : वरचा मजकूर केवळाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, देशमुखानं गाडी चालवली आणि तुम्ही मागं बसलात तर सगळं गाव म्हणेल, दत्त्या लय आजारी हाय, आणि देशमुख किती मोठ्या मनाचा, धनगराला स्वतः दवाखान्यात घेऊन चाललाय. मी सकाळपासून यावर विचार केला. तिचं बरोबर आहे. तेव्हा ते राहू दे. तू मात्र ये. एस.टी.नं ये, स्टँडवर मी घ्यायला येतो, तिथून घरापर्यंत दोघं बोलत बोलत चालत येऊ. तुझी बॅग मात्र तुझ्याच हातात ठेव.