दोन कंपन्यांचं एक टेबल

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त आई. वहिनीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर अगदी मापात बसला. तू मात्र आठ महिन्यांत एक ओळ लिहिली नाहीस. ते असू दे.

आधी बातमी. यंत्रं वाचली, इमारतही वाचली!

औषधवाल्याच्या खोक्यांवर गोळ्यांची मात्रा चुकीची छापली, त्याची भरपाई छापखान्याला द्यावीच लागेल, हप्ते ठरलेत. पण त्याच्या वकिलाचा डोळा यंत्रांवर होता. बाबांनी जागा आणि यंत्रं मूळ कंपनीच्या नावावर ठेवली आणि छपाईचा धंदा तिच्याच मालकीच्या दुसऱ्या कंपनीत, हे सगळं नुसतं नाटक आहे, कंपनी एकच, तेव्हा यंत्रं विकून भरपाई द्या, असं त्याचं म्हणणं. मग कोर्टाने हिशेब तपासनीस पाठवला. खडूस माणूस, चहालाही नाही म्हणाला.

चार दिवस त्याने वह्या चाळल्या. मग भाड्याची फाइल उघडून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, मूळ कंपनीतर्फे भाड्याचं मागणीपत्र लिहिणाऱ्या तुम्ही. छापखान्यातर्फे त्यावर 'मिळाले' असा शिक्का मारणाऱ्याही तुम्हीच?"

"हो."

"याच टेबलावर?"

"टेबल एकच आहे, साहेब. कंपन्या दोन आहेत."

त्या शिक्क्यावरून तू मला किती चिडवायचास! 'छोटी स्वतःलाच पत्रं लिहिते, उद्या स्वतःशी भांडेल.' चाळीस महिन्यांची चाळीस पत्रं निघाली, एकही तारीख मागेपुढे नाही. दोन्ही कंपन्यांचे व्यवहार खरोखर वेगळे आहेत, असं त्याने अहवालात लिहिलं आणि कोर्टाने ते मानलं. ते वाक्य मी तीनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, मला माझाच फार अभिमान वाटला.

सगळ्यात जास्त वेळ तो जुलैच्या पत्रावर थांबला. छापखाना तू सांभाळत होतास आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं, ते. सख्ख्या भावालाही सूट नाही म्हटल्यावर त्याची खात्री पटली.

खरं तर त्या पत्राचं लिहायचं टाळत होते. पत्र बरोबरच होतं, आजही तेच लिहीन. पण तू हसून ते बाजूला सारलंस तेव्हा मी ते उचललं आणि यंत्रांपाशी जाऊन सगळ्या कामगारांसमोर मोठ्याने वाचलं. त्याची काही गरज नव्हती. बाबांच्या वेळचा फोरमन मान खाली घालून उभा होता. तू एप्रन काढून ठेवलास आणि निघून गेलास. मला तुझी लाज काढायची होती, दादा, आणि ती मी काढली.

काल दुपारी मी यंत्रं थांबवायला लावली, सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून. त्याच जागी उभी राहून म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले."

फोरमन म्हणाला, "ताई, आम्हाला काय सांगताय? त्याला सांगा."

म्हणून हे पत्र. चुकले, दादा. घरी ये.

हिशेबात पक्की, तुझ्या बाबतीत चुकलेली,
तुझी छोटी