गार खोली

जुन्नर,
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

सौ. जयाताईंना,
हेमलताचा सप्रेम नमस्कार.

घरी, गोठ्यात सगळं ठीक असेल. नागपंचमीच्या दिंडांचा डबा सार्थकबरोबर पोचला. त्यातली काटेकोर चौकोनी घडीची दिंडं हर्षालीची, हे मी ओळखलं. तुमच्याकडून आणलेल्या सोनटक्क्याला कळ्या आल्यात. इकडे टोमॅटोचे तोडे चालू आहेत, त्यामुळे हे जेवण्यापुरते घरी असतात.

गुरुवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "विहीणबाई, श्रावण लागला की! पोरीला कधी धाडू, का तुमी न्यायला येताय?" मी 'सांगते' म्हटलं आणि पावसापाण्याचं बोलत बसले. तुमचा आवाज एकदम उतरला. तोच कानात राहिलाय, म्हणून लिहायला बसले. जड गोष्ट मला बोलता येत नाही. लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातही मी उभी राहून मुकी व्हायचे, तेव्हा आमच्या सिस्टर कागद पुढे सरकवायच्या. म्हणायच्या, तोंडानं जमत नसेल तर लिहून दे.

सार्थकनं मला एक व्हिडिओ दाखवला. तुमच्या धरणाकडचा चढ हर्षाली चढतेय आणि मैत्रिणीशी बोलतेय. बोलत बोलत चढतेय, जयाताई! आमच्याकडे गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना तिला जिन्यात टेकावं लागायचं. तो व्हिडिओ मी माझ्या फोनवर मागून घेतला आहे.

आमच्या आळीत काय बोलतात ते तुमच्या कानावर आलंच असेल. शेजारच्या सोनीबाई ओट्यावर बसून मोठ्यानं म्हणाल्या, "म्हायेरी गेली का ठणठणीत, सासरी आली का खोकला! आमाला न्हाई आला बाई असा शाना खोकला कधी. लई गुनाची सून हाय तुमची." हर्षाली आत भाकरी थापत होती. त्या दिवसापासून खोकला आला की ती मोरीतला नळ सोडायची. पाण्याचा आवाज आला की मला आतून कळायचं.

जूनमध्ये तिला पुण्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, स्कॅन झाला, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे काय बोलणं झालं ते मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कबुतरं आहेत का, घरात ओल आहे का, विचारून झालं. मग त्यांनी हर्षालीला विचारलं, "कुठे गेल्यावर तुला बरं वाटतं?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सासू शेजारी बसलेली असताना कुठली सून 'माहेरी' म्हणेल? शेवटी मीच म्हणाले, "माहेरी. तिला माहेरी बरं वाटतं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आजार घरात आहे. भिंती बघा."

आखाडाला ती तुमच्याकडे आली आणि मागे मी गेणभाऊ सुतारांना बोलावून तिच्या खोलीतले पॅनल काढायला लावले. पांढरे, सोनेरी रेघेचे. पाहुण्यांना ओल दिसू नये म्हणून पोरांच्या लग्नाआधी घाईनं बसवलेले. तुम्ही कौतुकही केलं होतंत. पहिली पट्टी उचकटली आणि गेणभाऊंनी टॉवेल नाकाला लावला. "आगं आई! वहिनी, तुमी भायेर व्हा आधी." भिंत कमरेपर्यंत काळी, वर हिरवट, मांजराच्या पाठीसारखी मऊ लव आलेली. बुरशी. वास मात्र माझ्या ओळखीचा होता. त्याला मी आजवर गार खोलीचा वास म्हणत आले.

त्या खोलीची मागची भिंत चढाच्या मातीला टेकलेली आहे, म्हणून वैशाखातही तिथे पंखा लागत नाही. घरातली सगळ्यांत सुखाची खोली. म्हणून ती सुनेला द्यायची, अशी आमच्याकडे रीत. सासूबाईंनी, सारजाबाईंनी, ती मला दिली. शेवटच्या आजारपणात त्याही माझ्याजवळ तिथेच निजायच्या. दम्यानं गेल्या, असं आम्ही सांगतो. पुरुष मात्र ओसरीवर नाहीतर मळ्यात झोपणारे. सार्थक तर नोकरीसाठी आठवडाभर चाकणला.

हे म्हणत होते, "छातीचं दुखणं आपल्या घराण्यातच हाय."

मी उलट बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "घराण्यात कसं असेल? सासूबाई पिंपरी पेंढारच्या, मी आंबेगावची, हर्षाली येडगावची. तिघींचं रक्त कुठे एक आहे? खोली तेवढी एक आहे."

"भिंतीनं माणूस मरतं व्हय?" म्हणाले आणि ताटावरून उठले. हात धुऊन त्या खोलीच्या दारात कितीतरी वेळ उभे होते. त्यांची आई त्याच भिंतीला टेकून पोथी ऐकायची. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी मळ्यातल्या खोलीवर ऱ्हातो. घर बंद करू."

तेव्हा जयाताई, हर्षालीला पाठवू नका.

हे एक वाक्य लिहायला मला एवढा कागद लागला. आम्ही तिला टाकली असं क्षणभरही मनात आणू नका. सार्थकनं नारायणगावात वरच्या मजल्यावर, सकाळचं ऊन येणाऱ्या दोन खोल्या पाहिल्यात; गणपतीपर्यंत मिळतील. भिंत खरवडून रंगवली तर चालेल का, हे मी डॉक्टरांना विचारलं. मागे माती आहे तोवर ओल येतच राहणार, म्हणाल्या. हर्षालीचं फुप्फुस अजून मऊ आहे. आता लांब राहिली तर ती पूर्ण बरी होईल. परत येत राहिली तर ते हळूहळू कडक होतं, आणि एकदा कडक झालं की पुन्हा मऊ होत नाही.

जूनमध्ये त्या दिवशी बोलता बोलता मलाही खोकला आला होता. डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आणि आई, तुम्हाला कुठे बरं वाटतं?"

मी म्हटलं, आंबेगावला. जुन्या आंबेगावला. लग्नानंतर आखाडात जायचे, आईच्या ओसरीवर झोपायचे आणि खोकला कुठल्या कुठे जायचा. आई म्हणायची, माहेरचं पाणी मानवलं गं तुला. मग डिंभ्याचं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं. आई-वडील पुण्याला भावाच्या लहानशा घरात गेले. त्यानंतर मी कुठे राहायला म्हणून गेलेच नाही. खोकला राहिला. सवयीचा झाला. हर्षालीसारखा मी नळसुद्धा सोडला नाही.

हर्षाली तुमच्याकडे आल्यावर मी एकटीच पुण्याला जाऊन आले. माझाही स्कॅन झाला, जयाताई. खालचा भाग कडक झाला आहे. उरलंय ते सांभाळायचं तर मलाही हे घर सोडायला सांगितलंय. सार्थकला आणि हर्षालीला यातलं काही माहीत नाही. कळलं तर ती माझं करायला म्हणून त्याच दिवशी इथे येऊन उभी राहील. तशी पोर आहे ती, तुम्हीच वाढवलीत.

म्हणून एक मागते. सुनेच्या माहेरी सासू राहायला गेली, असं कुणी ऐकलंय का? सोनीबाईंना वर्षभर पुरेल. तरी विचारते. नारायणगावच्या खोल्या मिळेपर्यंत मला तुमच्या ओसरीवर झोपू द्याल? हर्षालीला मी तिथेच सांगेन, तिच्यासमोर बसून. मग तिला धावत यायला इथे कुणी उरणार नाही.

पिशवी भरलेली आहे. कपडे उन्हात घालून घेतलेत. गोधडी मात्र घेतली नाही. ती त्या खोलीतली. तुमच्याकडची एखादी जुनी द्या.

आखाड सरला असला, तरी तुमच्या दारी माहेरपणाला येऊ पाहणारी,
हेमलता