हाताचा अंदाज

वस्ताद, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, आणि आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही होतात तेव्हा माझी छाती झाली नाही. तुमच्यापुढं भल्याभल्यांची होत नव्हती. फौजदाराच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा तुमच्या गॅरेजात चप्पल काढून यायचा. आता तुम्ही उठून कानफटात देऊ शकत नाही म्हणून माझं शौर्य बाहेर पडतंय असं म्हणा हवं तर, पण ऐकून घ्या. तुम्ही मला दोन कामं शिकवलीत, नट आवळायचं आणि माणसाला मारायचं. दोन्ही मापात. पहिल्या कामावर माझं घर चाललं. दुसऱ्यानं काय झालं ते सांगायला बसलोय.

पहिली थप्पड तुम्हाला आठवत नसेल, तुम्ही दिवसाला चार द्यायचात. मी तेव्हा गॅरेजातला नव्हतो, तिसगाव ते नगर वडापची जीप मारायचो. वय चोवीस. लग्नाला चार महिने झालेले, आणि त्या दिवशी बायको पुढच्या सीटवर होती, तिला नगरला बांगड्या भरायच्या होत्या. सायलेन्सरचा जोड खिळखिळा झाला होता आणि मी तो तारेनं बांधला होता. थंडीचे दिवस, मागचे पडदे खाली सोडलेले, आत चौदा माणसं. घाट उतरल्यावर मागची सगळी पेंगायला लागली. मला वाटलं, पहाटे उठलेली माणसं, झोपली असतील. तुमच्या दारात गाडी थांबवून मागचा पडदा उचलला तेव्हा एक म्हातारी सीटवरून घसरून माझ्या पायाशी आली आणि भडाभडा ओकली. तुम्ही काही न विचारता गाडीखाली गेलात, बाहेर आलात तेव्हा डाव्या हातात माझी तार होती, आणि उजवा हात माझ्या गालावर बसला. "मानसं मारतो का रे? मागं जायाचा धूर आत सोडलास!" बायकोसमोर. मी हात उचलला. तुम्ही तो हवेतच धरलात आणि म्हणालात, "मार की. पर आदी खाली जाऊन बघ." मी खाली गेलो. जोडाभोवती काजळीचा पंखा उमटला होता, थेट पत्र्याच्या भोकापर्यंत. म्हातारी तासाभरानं शुद्धीवर आली. तोवर मी तुमच्या दारात उकिडवा बसून होतो.

पुढच्याच आठवड्यात जीप सोडून तुमच्याकडं आलो. सगळे म्हणाले, ज्यानं मारलं त्याच्याकडंच कामाला जातोय, याचं डोकं फिरलंय. त्यांना कसं सांगू, माझा बाप मारायचा तेव्हा कशासाठी मारतो ते त्यालाही माहीत नसायचं. तुम्ही पहिलेच असे भेटलात की मारलंत आणि कारण दाखवलंत. मला त्याचंच अप्रूप वाटलं.

मग सुरू झाली कानाची शाळा. मी लग्न झालेला बाप्या, आणि तुम्ही माझा कान पिळून नट शिकवायचात. ऑइलच्या बोल्टाला एवढं, म्हणजे नुसती चिमटी. चाकाच्या नटाला एवढं, म्हणजे मी चवड्यांवर उभा. आणि सायलेन्सरच्या नटाला मधलं, डोळ्यात पाणी यावं पण गालावर उतरू नये इतकं. "सैल ठिवला तर धूर आत. लई आवळला तर स्टड तुटतो, मंग बी धूर आत. मदी जागा हाय, बोटभर. ती हुडक." गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. गरम इंजिनावर कधी पाना लावू द्यायचा नाहीत, "तापलेलं लोखंड खोटं बोलतं" म्हणायचात. संध्याकाळी लाल कान घेऊन घरी गेलो की बायको विचारायची, "आज कुटला नट?" आणि पदर तोंडाला लावून हसायची. तेव्हा आम्ही हसायचो, वस्ताद. ते दिवस खोटे नव्हते.

एकदा तुम्ही व्हाइसच्या जबड्यात एक जुना आट्यांचा स्टड धरलात, त्यावर नट चढवलात आणि मला तुटेपर्यंत आवळायला लावलंत. असे सहा तोडले. दर वेळी तुमचा पंजा माझ्या मनगटावर. लोखंड आधी ताठ लागतं, मग आणखी ताठ, आणि तुटायच्या आधी एकदम मऊ पडतं, जणू ऐकलं तुझं. "कळलं का? ते मऊ पडतं तितं थांबला तर मिस्त्री. न्हाई थांबला तर रेडा." सहाव्या स्टडला मला ती जागा सापडली. त्या दिवसापासून आजपर्यंत ती मला एकदाही चुकलेली नाही. हे वाक्य नीट वाचा, पुढं लागेल.

आता पट्ट्याचं सांगतो. तुमच्याकडं येऊन वर्ष झालं तेव्हा, त्या सहा स्टडांच्या आधी, माझ्या हातून एक स्टड तुटला, घाईत, दुसऱ्याशी बोलता बोलता, आणि मी भीतीनं तुटक्या बुडख्यावर नट लांबीच्या लगद्यानं चिकटवून गाडी सोडून दिली. गाडी वेशीपर्यंतसुद्धा गेली नसेल, तुम्ही आवाज ओळखलात. परत बोलावलीत, नट बोटानं उचकटलात आणि फॅनबेल्ट घेतलात. किती बसले मोजले नाहीत. मी शेवटी ऑइलच्या डबड्यांत पडलो होतो आणि तुमच्या घरच्या, वहिनी, तव्यावरची भाकरी टाकून धावत आल्या होत्या, "बास करा, मरंल त्यो!" तुम्ही दम खात म्हणालात, "मरत न्हाई. माज्या हातानं आजपतुर कुनाचं हाड मोडलं न्हाई." अभिमानानं म्हणालात. दुपारी वहिनींनी स्वयंपाकघरात बसवून माझ्या पाठीला हळद-तेल लावलं. तुम्ही समोर जेवत होतात, मध्येच उठलात आणि माझ्या ताटात तूप वाढलंत. मी रडलो ते वळांसाठी नाही. मला वाटलं, केवढा हात आहे या माणसाचा, एवढं मारलं आणि आत काही मोडलं नाही. त्या दिवशी हळदीचे हात धुता धुता वहिनी तुमच्याकडं कसं बघत होत्या ते मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

तर तुमचा हा गुण मी उचलला. स्पष्ट लिहितो, कारण अजून कुठं लिहिणार. मी बायकोला मारायचो. पाठीवर, दंडावर. तोंडावर कधी नाही, पोटावर कधी नाही. भाजीत मीठ जास्त, फोनवर निरोप चुकला, माहेरी दोन दिवस जास्त राहिली. दारूचा थेंब नाही, शिवी नाही. चार लोकांत म्हणायचो, आपला हात मापात असतो बाबा, आणि चार लोक माना डोलवायचे, जणू मी नेमानं पारायण करतो असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती लांब बाह्यांचं पोलकं घालून गॅरेजच्या टेबलाशी बसायची, फोन घ्यायची, गिऱ्हाइकांना चहा सांगायची. तीस वर्षं. आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हे सांगायची जास्त लाज वाटते.

माझं स्वतःचं गॅरेज आता रस्त्यालगत आहे. पाट्यांवर अहिल्यानगर आलं, लोकांच्या तोंडात नगरच आहे. गाड्या बदलल्या. टॉर्कचा पाना आलाय, आकडा लावायचा, तेवढं आवळलं की कट् वाजतो. मी आधी हातानं आवळतो, मग पाना लावतो, आणि पाना जागच्या जागी कट् करतो. नट तसूभर हलत नाही. पोरं त्याचे व्हिडिओ काढतात. पार राहात्याहून लोक सायलेन्सर घेऊन येतात, वाटेतली दहा गॅरेजं ओलांडून. मी चढून गेलो होतो, वस्ताद. हरभऱ्याच्या झाडावर नाही, त्याच्याही वर.

मागच्या उन्हाळ्यात त्या राहात्याच्या लोकांतला एक गाडी घेऊन परत आला. जोडाचा एक नट सैल निघाला होता. आत वास, पोरांची डोकी धरलेली. टेबलापाशी उभा राहून तो ओरडत होता आणि ऐकणारी दहा माणसं होती. मी दुसऱ्या गाडीखाली. नट माझाच राहिला होता. आवळता आवळता फोन आला आणि मी विसरलो, एवढंच. उठून तसं म्हणालो असतो तर संपलं असतं. तेवढ्यात बायको त्याला म्हणाली, "दादा, वय झालं त्यांचं. हात थरथरतो आता. हितनं पुढं मापाच्या पान्यानंच करत्याल, मी उबी ऱ्हाते." माणूस निवला. बसला, चहा प्यायला. तिनं माझी अब्रू राखली होती, मला गाडीखाली एवढंच ऐकू आलं की दहा लोकांत माझा हात थरथरतो.

मी त्या माणसाचा नट आवळून दिला, गाडी रवाना केली, मग आत गेलो. ती बाजरीचं पीठ मळत होती. मी तिचा उजवा हात परातीतून वर ओढला, पिठासकट. "थरथरतो का? बघ, थरथरतो का?" ती म्हणाली, "अवो सोडा, त्या मानसाला गप करायला बोलले मी." मला ते पटलं होतं. तरी मी पिळला. तिनं दुसऱ्या हातानं माझ्या छातीवर बुक्क्या मारल्या, मग चावली, माझ्या दंडावर अजून खूण आहे. मी पिळत राहिलो. वाळली काटकी मोडावी तसा बारीक आवाज आला आणि ती खाली बसली. ओरडली नाही. परात माझ्या पायावर उलटी झाली होती.

दवाखान्यात तिनं स्वतःच सांगितलं, मोरीत पाय घसरला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं, दंडावरच्या दातांकडं पाहिलं, आणि पुन्हा तिला विचारलं. ती तेच म्हणाली. पण तिचा भाऊ आला तेव्हा त्याच्या गाडीत जाऊन बसली आणि माहेरी काष्टीला गेली ती दोन महिने आली नाही. मग बैठक झाली. तिच्या माहेरच्या ओट्यावर, भरदुपारी, तिचा भाऊ, चुलते, आमच्याकडचे दोघं. सगळे मिटवायला बसले होते. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मला दुसरं कायबी नको. ह्यांनी एकच सांगावं. मोडायच्या आदी ह्यांना कळलं हुतं का न्हाई? अंदाज चुकला आसंल तर मी येते, मानूस हाय, चुकतं. कळत हुतं आन तरी पिळला आसंल, तर मी हितंच ऱ्हाईन. डाव्या हातानं खुरपीन."

तिलाच असं विचारता येत होतं. त्या हाताशी तिनं तीस वर्षं काढली होती.

मी माझा हात बघितला, वर केला, आणि सगळ्यांना दिसेल असा थोडा हलवला. म्हणालो, "हात थरथरतो आता. अंदाज आला न्हाई." तिनं मला वाचवायला रचलेलं खोटं, ज्याच्यासाठी मी तिचं मनगट मोडलं, तेच उचलून मी तिच्यापुढं धरलं. चुलते म्हणाले, "वय झालं की व्हायचंच." मेहुण्यानं पाणी आणलं आणि सांडू नये म्हणून पेला स्वतः धरून मला पाजलं. ती पेल्याकडं नाही, माझ्या हाताकडं बघत होती. मग आत जाऊन पिशवी घेऊन आली.

हात थरथरत नव्हता, वस्ताद. तुम्ही असतात तर एका नजरेत ओळखलं असतंत. आधी ताठ लागलं, मग आणखी ताठ, मग ते मऊ पडलं, अगदी व्हाइसमधल्यासारखं, आणि मला कळलं, आणि त्याच्यावर मी पाव फेरा जास्त दिला. मला द्यायचा होता. इतके दिवस मी तुमच्यावर ढकलत होतो, की वस्तादांनीच मारायला शिकवलं. तुमची चूक आहेच, ती सोडत नाही. माणसाला मारायचं माप असतं असं तुम्ही समजत होतात, आणि वहिनींची नजर तुम्हीही कधी वाचली नाहीत. पण तो पाव फेरा तुमचा नाही. तुम्ही तर तिथं थांबायला शिकवलं होतंत.

तिचं मनगट वाकडं बसलंय. नळ बंद करायला, बरणी उघडायला मला हाक मारते, मी जातो. तिला आता हात लावत नाही, मारायला नाही आणि कशालाच नाही. हे सगळं तिला सांगायला हवं, तिनं तेवढंच मागितलं होतं. पण सांगितलं तर ती काष्टीला जाईल, आणि बोलल्यासारखं करील. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही कुठं जाणार आहात? म्हणून तुम्हाला लिहिलं. हा कागद संध्याकाळपर्यंत चुलीत जाईल.

एवढं मोठं सांगितलं, तर बारकंही सांगतो. कधी कधी ती माझ्या हाताकडं बघत बसते, काही विचारत नाही. म्हणून रोज सकाळी मी चहा मुद्दाम थोडा बशीबाहेर सांडतो, आणि ती फडकं घेऊन डाव्या हातानं पुसते.