ढब्बूचं उभं राहणं

८ नोव्हेंबर

चि. ठमू हीस,
अ. उ. आ.

प्राण्यांच्या तुझ्या व्यायामकेंद्रातून ढब्बूला घेऊन आम्ही सुखरूप घरी पोचलो. तू सांगितलंस ते सगळं केलंय. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या, सोफ्यापाशी तुझ्या काकांनी फळीचा उतार ठोकला. सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवते, मागचे पाय सायकल चालवल्यासारखे हलवते, मग पोटाखाली टॉवेल धरून उभं करते. पण टॉवेल जरा सैल सोडला की हा खाली बसलाच! तुझ्याकडे तर उभा राहायचा म्हणालीस. माझ्या हातालाच यश नाही मेलं.

हे काल इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना शेवटच्या इंजेक्शनबद्दल विचारून आले. मुक्या जिवाचे हाल बघवत नाहीत म्हणाले. महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल करून घेतलंय. बस, तेवढ्यात काहीतरी कर गं बाई.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू.
तुझी मावशी

१३ नोव्हेंबर

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मीच मटकन खाली बसले. त्याच्या मणक्यातल्या सरकलेल्या गादीवर पुन्हा ताण आला की काय, ही भीती वाटते. मला नीट कळव, तो बसतो म्हणजे कुशीवर कलंडतो, की पाय दुमडून बसतो? ओरडतो का? माझ्याकडे तो हाताच्या आधाराशिवाय उभा होता, हे मी स्वप्नात पाहिलेलं नाही. तू मात्र बाहेरच्या बाकावर होतीस, कारण आत आलीस की डोळे पुसत बसायचीस आणि तो तुझ्याकडेच बघायचा.

काकांना नमस्कार. त्यांच्यावर रागावले नाही म्हणून सांग. उत्तर लवकर धाड.
तुझी ठमू

१८ नोव्हेंबर

चि. ठमू हीस,
अ. उ. आ.

कलंडत नाही, ओरडत नाही. शाळेतल्या गुणी मुलासारखा दोन्ही पाय दुमडून बसतो, शेपटी हलवतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. मला इतकं भरून येतं की बिस्किट देतेच. मी त्याच्याशी किती गोड बोलते म्हणून सांगू! हे म्हणाले, की इतक्या लाडानं माझ्याशी कधी बोलली नाहीस. पण हसले नाहीत.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मावशी

२२ नोव्हेंबर

ती. सौ. मावशीस,
सा. न. वि. वि.

मावशे, घोळ सापडला! आज एका मांजरीच्या कंबरेला व्यायाम देऊन झाला आणि तिच्या मालकिणीला मी म्हटलं, की आजच्यापुरतं बस. तर दारापाशी नंबर लावून उभा असलेला एक दांडगा कुत्रा मुकाट खाली बसला. सगळे हसले, आणि मला तू आठवलीस. तुझं एकही वाक्य 'बस'शिवाय पुरं होत नाही. पिल्लू असताना त्याला 'बस' शिकवलंस तूच, आणि आता टॉवेल सोडताना बस, थोडाच वेळ, असं लाडानं म्हणत असणार तीही तूच. तो बिचारा ऐकतो. वर बिस्किट!

आणि हे काकांना मोठ्यानं वाचून दाखव: पाय दुमडून सावकाश बसायला मागच्या पायांत ताकद लागते. ताकद नसलेला कुत्रा कोसळतो. ढब्बू बरा होतोय. फक्त व्यायामाच्या वेळी तू तोंडाला कुलूप लाव.

दोघांनाही घट्ट मिठी.
तुझी ठमू

२७ नोव्हेंबर

चि. ठमू हीस,
अ. उ. आ.

तोंडात लवंग धरली आणि टॉवेल सैल सोडला. ढब्बू माझ्याकडे बघत राहिला. मी गप्प. पाय थरथरत होते गं, पण उभा! हे कितीतरी वेळ चष्माच पुसत होते. मग, त्या डॉक्टरांना नको म्हणून सांगून येतो म्हणाले आणि तसेच अनवाणी निघाले.

इतकं हलकं वाटलं, की तोंडातून निघून गेलं, बस, देवा, आता काही नको. झालं! ढब्बू बसला. मी जीभ चावली. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली, हे चपलांसाठी परत आले होते. आणि आपला आपण, टॉवेल नाही, हात नाही, ढब्बू उठला आणि लटपटत त्यांना आणायला दारापर्यंत गेला. हे उंबऱ्यातच खाली बसले. त्यांना कोणी 'बस' म्हटलं नव्हतं.

लोभ असाच वाढू दे. त्याला मी तो शब्द पुन्हा कधी ऐकवणार नाही.
तुझी मावशी