केळी बंद झाल्याबद्दल

राजपुरा, बऱ्हाणपूर

प्रिय सुपडूभाऊ यांस, विनायकचा नमस्कार.

मनकर्णावहिनींचा गुडघा आता कसा आहे? बहादरपुरात केळीच्या नव्या बागेला पाणी पुरतंय ना? इकडे ऋषिकेश आणि पल्लवी मजेत आहेत. मी गोळ्यांवर मजेत आहे. तुमची ताई गेल्या श्रावणात गेली, तेव्हापासून घर फार शांत आहे. (बोलायचं खातं तिच्याकडेच होतं, हे तुम्हाला माहीत आहे.)

पायांवर सूज येऊ लागली म्हणून ऋषिकेशने मला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी दिली. अंगात एक हॉर्मोन मीठ आणि पाणी धरून ठेवतो, ही गोळी त्याला अडवते. पाणी निघून जातं, पण पोटॅशियम मागे राहतं. ते फार वाढलं तर हृदयाला धोका. म्हणून केळी बंद, असं त्यांनी सहज सांगून टाकलं. मी त्यांचं गाव विचारलं. इंदूरचे निघाले.

मी मात्र केळी कडक बंद केली. तुम्ही दर मंगळवारी आणता ती फणी तुमची पाठ वळताच शेजारच्या सुलभाबाईंकडे जायची. (त्या तुमची इतक्या आपुलकीने चौकशी का करतात, ते आता लक्षात आलं असेल.) तरीही रक्त तपासलं तर पोटॅशियम वाढलेलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "दादाजी, केला बंद किया था ना?" मी म्हटलं, "बिलकुल बंद." पल्लवी माझी बाजू घ्यायला पुढे झाली, "सर, पप्पा तो केले को हाथ भी नहीं लगाते. चाय के साथ बस थोडे वेफर्स."

"किसके वेफर्स?"

वेफर्स केळ्याचेच होते. आपल्याकडे केळं म्हणजे पिकलेलं. कच्चं ती भाजी, तळलेलं तो फराळ आणि पिठाचं थालीपीठ म्हणजे एकादशी. या सगळ्याला कोणी केळं म्हणतं का? ऋषिकेश बी.एस्सी. झाला आहे, तोही छताकडे बघत होता. मग पल्लवीने माझ्या बीपीसाठी मुद्दाम आणलेल्या महागड्या मिठाची चौकशी झाली. त्यातही पोटॅशियमच निघालं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण या गोळीने काही पुरुषांची छाती सुजते म्हणून डॉक्टरांनी सुनेसमोर त्याचीही चौकशी केली. (सुजलेली नाही. हे मी तुमच्या ताईलाही सांगितलं नसतं.)

आता सगळं ठीक आहे. पोटॅशियम उतरलं, सूज गेली आणि तुमच्या ताईने हौसेने घेतलेले बूट पुन्हा पायात जातात. काल ते घालून तापीच्या घाटापर्यंत जाऊन आलो. वाटेत कारण नसताना हसू येत होतं.

तुम्हाला आजवर सांगितलं नाही, कारण आपण दोघे बोलतो ते केळ्यांवरच. भाव, वारा, करपा, मग चहा. केळीच बंद झाली तर तुम्ही कशाच्या निमित्ताने याल, याची मला पोटॅशियमपेक्षा जास्त काळजी होती. तरी यापुढे फणी आणू नये.

एवढंच कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
विनायक

ता. क. केळ्यांऐवजी नारळ आणू नका. नारळपाणीही बंद आहे.

आणखी ता. क. एवढंच कळवायचं होतं असं वर लिहिलं, ते खरं नाही. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, जवळ आली. ताईला माहेरी न्यायला दर आखाजीला तुम्ही मुराळी होऊन यायचात. या वर्षीही या आणि मला न्या. सकाळी तिच्या नावाची घागर पुजली की लगेच निघू. (पाण्याची गोळी सकाळचीच असते, तेव्हा बहादरपूर जवळ असलं तरी मोटरसायकल वाटेत थांबवावी लागेल.) ती तुमची वाट बघत आदल्या दिवसापासून दारात बसायची. मला तसं बसता येणार नाही, लोक हसतील. मी ओट्यावर पेपर घेऊन बसेन.