भूर्जाची कुंडी कोणाच्या हाती

मी मनकर्णाबाई, भ्रतार कै. खुशालराव, जात माळी, धंदा बागाइती, वय साठीच्या आसपास, राहणार अमरावती, वऱ्हाड, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र सांगत आहे. मला लिहिता येत नाही. लिहिणारे शेषराव अर्जनवीस आहेत. गेल्या साली मुदतीच्या तापातून उठले खरी, पण तेव्हापासून छातीत कळ येते. म्हणून माझ्या पश्चात भांडणे नकोत.

कलम १. राहते घर खुशालरावांनी बक्षीसपत्राने माझ्या एकटीच्या नावे करून दिले आहे. मला मूलबाळ नाही. घर पुतण्या गोवर्धन याला द्यावे. माणूस वाईट नाही, फक्त आपल्याला सगळे कळते असे त्याला वाटते. त्याने घराला हवा तो रंग द्यावा, पण कलम ३ मधील झाडाला हात लावू नये. कारण तिथेच सांगते.

कलम २. माझे सोन्याचे गोठ गोवर्धनची मुलगी शालू हिला तिच्या लग्नात घालावेत. असेच गोठ अकोल्याला दुसऱ्या हातांत आहेत. खुशालरावांनी एकाच सोनाराकडून दोन जोड केले होते. मी दोन्ही तोलून पाहिले, बरोबर निघाले. कमी निघाले असते तर भांडता आले असते, बरोबर निघाले याचा राग कोणावर काढायचा?

येथे शेषराव थांबले. म्हणाले, “बाई, यात जमीनजुमला लिवतेत. सवतीचं गाऱ्हानं नाही लिवत.”

मी म्हटले, “माह्या मिळकतीत थेच जास्त आहे. लिवा.”

कलम ३. भूर्जाचे झाड, कुंडीसह. खरे तर याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

खुशालरावांनी माझ्याशी लग्न केले आणि पुढे अकोल्याच्या पार्वताबाईशी पाट लावला. ती विधवा होती, आणि आमच्यात विधवेचे दुसरे लग्न, म्हणजे पाट, चालतो. मनकर्णाबाईने मोठ्या मनाने घेतले, असे लोक म्हणतात. लोकांना काय जाते म्हणायला! पण रीत अशी की पूजेला नवऱ्याशेजारी लग्नाची बसते, पाटाची मागे राहते. तेवढी जागा माझी होती. मग बद्रीनारायणाला जायचे ठरले आणि नेमक्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. मी त्यांच्या उशाशी राहिले, अकोलेवाली यात्रेला गेली, आणि तिथे प्रत्यक्ष देवासमोर खुशालरावांच्या शेजारी तीच बसली. हे मी त्यांना माफ केलेले नाही. वर गेल्यावर पहिले तेच विचारणार आहे.

येताना त्यांनी पहाडातून हे रोप आणले. म्हणाले, “मनकर्णे, हे तुह्यासाठी. याच्याच सालीवर पहिले पोथ्या लिवत.” म्हणजे तिला देव आणि मला झाड. तरी मी घेतले. मग यात्रेच्या मावंद्याच्या जेवणाला, साऱ्या बायका पंगतीत बसलेल्या असताना, ती म्हणाली, “बाई, म्या मांडीवर आनलं थे. गाडीत झोपली नाही, पानी शिंपडत आली.”

थंड मुलखाचे झाड, आणि आमच्या अमरावतीचा उन्हाळा! मी त्याला माजघरात, वाळ्याच्या ओल्या टट्टीआड ठेवले. माठातले निवलेले पाणी घातले. पांढरी साल ओल्या फडक्याने पुसली. थंडीत पाने झडतात, तेव्हा कोणी ‘मेलं’ म्हणाले की त्याला घराबाहेर काढले. आणि ऊन तापू लागले की दरवर्षी त्याला सर्व्हिस मोटारीने परतवाड्यावरून चिखलदऱ्याला नेले. मोटारवाला हसायचा, “बाईचं झाड साहेबावानी थंड हवेले चाललं!” हसू दे. अमरावतीत असे झाड दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि अकोल्यात तर नाहीच नाही.

गेल्या साली मी तापात पडले, तेव्हा गोवर्धनने कुंडी अचलपूरजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत नेली. बहार धरण्याआधी संत्र्याला ताण देतात, पाणी तोडून मुळे उघडी करतात. तसाच त्याने याला दिला. म्हणाला, “काकू, फुलंन असं वाटलं.” हे काय संत्र्याचे झाड आहे? पाने करपली, फांद्या कडकड मोडू लागल्या.

अकोलेवाली मला पाहायला आली होती. तिने मला आधी झाडाचे विचारले, मग तापाचे. कळताच ती अचलपूरला गेली, गोवर्धनला साऱ्या मजुरांदेखत झापले, कुंडी मांडीवर घेऊन चिखलदरा गाठला आणि सारा उन्हाळा तिथे राहिली. मृगानंतर झाड परत आले, ते पालवीने भरलेले. माझ्या हाताखाली त्याला इतकी पालवी कधी फुटली नव्हती. ती म्हणाली, “बाई, माह्या हाताले ओयखते थे.” मी दोन दिवस जेवले नाही. झाडाशीही बोलले नाही.

आता ते कोणाला द्यावे? देवळाचे पुजारी भगवंत महाराज मागतात, पण ते ताईत भरायला त्याची साल सोलून काढतील. गोवर्धनचे सांगितलेच. शालू लहान आहे आणि सासरी जाईल. मी खूप नावे काढून पाहिली. झाड जगवील असे एकच नाव उरते, आणि ते घेताना माझी जीभ जड होते.

तर झाड तिला द्यावे. माझ्या पोस्टातल्या शिल्लकेचे व्याज तिला झाडासह चिखलदऱ्याला जाण्यायेण्यासाठी मिळावे. मी जिवंत असेतो हे तिला कळू देऊ नये. तिचे खुललेले तोंड मला पाहवणार नाही.

शेषरावांनी विचारले, “बाई, घेनारीचं नातं लिवा लागते. काय लिवू? पाटाची?”

मी म्हटले, “खुशालरावांची बायको, असं लिवा.”

त्यांनी मान वर करून पाहिले.

“पाह्यता काय? लिवा. अन् माह्या नावाच्या खाली लिवा.”

झाड देणारी: मनकर्णाबाई, भ्रतार कै. खुशालराव, राहणार अमरावती.
झाड घेणारी: पार्वताबाई, भ्रतार कै. खुशालराव, राहणार अकोला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, मनकर्णाबाई, भ्रतार कै. खुशालराव
दस्तुर शेषराव अर्जनवीस
साक्षीदार: नत्थुजी, शेजारी
साक्षीदार: पुंजाराम, फुलवाले
मुक्काम अमरावती, तारीख ९ फेब्रुवारी १९४१